पोचून राहिलो

मुंबईहून नागपूर किती लांब आहे, हे विचारण्याआधी कुणाला विचारतो आहोत याचा विचार करावा. रेल्वेचा माणूस ८३७ किलोमीटर सांगेल. समृद्धी महामार्ग ७०१ म्हणतो. शाळकरी पोराने नकाशावर पट्टी ठेवली, तर ते सुमारे ६८५ वर थांबते. वैमानिक हेच अंतर ३७० सांगतो आणि तो काही थापा मारत नसतो. त्याचा मैल समुद्री असतो, १.८५२ किलोमीटरचा. विमान कंपनी किलोमीटरच्या भानगडीतच पडत नाही, ती सांगते दीड तास. आणि डोंबिवलीत राहणारा, सासुरवाडी नागपूरची असलेला गृहस्थ सुस्कारा सोडून म्हणतो, "अख्खा दिवस जातो हो."

सगळेच खरे बोलतात. पंचाईत आहे ती तिकीट काढणाऱ्याची.

खरे तर अंतराच्या बाबतीत नागपूरइतके जाणते शहर दुसरे नसावे. गावाच्या मधोमध झिरो माइलचा दगड उभा आहे. १९०७ साली सर्वेक्षण खात्याने तो बसवला. देशाचा मध्यबिंदू हाच, असे नागपूरकर पाहुण्याला गाडीतून उतरण्याआधी सांगतो. भूगोलाचे मास्तर यावर घसा खाकरतात, पण पाहुणचाराच्या वेळी मास्तरांचे कोण ऐकतो? तिथल्या खांबावर कुठले गाव किती मैलांवर ते कोरलेले आहे. हैदराबाद ३१८. जबलपूर १७०. छिंदवाडा ८३. शिवाय चांदा आहे, शिवनी आहे, बैतूल आहे. मुंबई मात्र नाही. दगड बसवणाऱ्याचा यात दोष नाही. तेव्हा नागपूर हीच मध्य प्रांताची राजधानी होती, मुंबईकडे बघायची कुणाला गरज नव्हती. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि जे गाव खांबावरच नव्हते ते एकदम राजधानी होऊन बसले. तेव्हापासून नागपूरकराच्या मनात एक हिशेब अडकून आहे. अख्ख्या देशाला जे मधोमध पडते, ते आपल्याच राज्याला कोपऱ्यात कसे पडते?

मुंबईकराला किलोमीटर कळतच नाहीत. तो अंतर मिनिटांत सांगतो, तेही कुठली लोकल धरून ते सांगून. "अंधेरी? फास्ट पकडली तर अमुक मिनिटं." नागपूरकराचे माप निराळे. त्याला कुठलीही जागा "हे काय, जवळच तं आहे" एवढ्याच अंतरावर असते. या दोन मापांच्या मध्ये बरीच वर्षे विदर्भ एक्स्प्रेस उभी होती. संध्याकाळी मुंबईहून निघायचे, सकाळी नागपूरला उतरायचे. या गाडीने मुंबई-नागपूर अंतर म्हणजे एक डबा, एक झोप आणि एक चहा. कसाऱ्याच्या घाटापर्यंत पोळी-भाजी संपते, भुसावळ झोपेत जाते, पहाटे शेगाव आले की वरच्या बर्थवरून कुणीतरी हात जोडते आणि खालच्या बर्थवरून कुणीतरी कचोरीची चौकशी करते. बडनेऱ्याला चादरी गुंडाळल्या जातात आणि वर्ध्याला सगळा डबा दात घासून तयार असतो. चौदा तासांच्या आसपासचा हा प्रवास कुणालाच लांब वाटत नसे, कारण त्यातले निम्मे तास माणूस तिथे नसायचाच.

विमानाने नेमकी हीच सोय काढून घेतली. दीड तासात माणूस पूर्ण वेळ जागा असतो.

आता हा दीड तास जरा जवळून बघण्यासारखा आहे. एअरबस जातीचे विमान आडव्या उड्डाणात ताशी साधारण ८३० किलोमीटर पळते. ६८५ भागिले ८३०, म्हणजे पन्नास मिनिटे. हा हिशेब चौथीतला मुलगाही करील. मग उरलेली चाळीस मिनिटे जातात कुठे? तर विमान कंपनीचे घड्याळ विमान उडल्यावर सुरू होत नाही. चाकांखालचे ठोकळे काढले की सुरू होते आणि पलीकडच्या गावी ठोकळे लावले की थांबते. मधल्या काळात विमान उडते, पण त्याआधी ते चालते. मुंबईत तर चांगलेच चालते.

मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी कामाला एकच. दिवसाला हजाराच्या घरातली विमाने या एका वाटेने जा-ये करतात. उरलेली रांगेत उभी असतात, भायखळ्याच्या पुलाखाली टॅक्स्या उभ्या असाव्यात तशी. त्यात एक गंमत आहे, ती खिडकीजवळ बसणाऱ्यालाच कळते. मुंबईत बहुतेक वेळा विमाने पश्चिमेकडे तोंड करून, समुद्राच्या दिशेने उडतात. त्यासाठी आधी पूर्वेच्या टोकाला जावे लागते. म्हणजे नागपूरला निघालेले विमान प्रथम नागपूरच्या दिशेने, घाटकोपरच्या डोंगराकडे, पायी निघते. तिथे पोचल्यावर त्याचा विचार बदलतो. ते वळते, नागपूरकडे पाठ करते, जिवाच्या आकांताने धावते आणि जुहूवरून थेट अरबी समुद्रावर जाऊन पडते. तिथून मग वळसा घेऊन पुन्हा कुर्ला, पुन्हा ठाणे. निघाल्यापासून अर्ध्या तासाने नागपूरचा प्रवासी परत तिथेच असतो, जिथून निघालो असे त्याला वाटत होते; फक्त बराच वर.

नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारली, तर ती छत्रपती संभाजीनगरच्या अगदी डोक्यावरून जाते. लोणारचे सरोवर तिच्या दक्षिणेला तीस-पस्तीस किलोमीटरवर राहते. पुढे अकोला आणि वाशीम यांच्या मधून रेघ निघून जाते. या माहितीचा उपयोग काय, असे वाटेल. पण उपमा मागवला असेल तर आहे.

विमानात हल्ली कागदी पेल्यातला उपमा मिळतो. त्यावर गरम पाणी ओतायचे, झाकण लावायचे आणि सात-आठ मिनिटे थांबायचे. इथे वेळेचे गणित फार नाजूक होते. विमान वर चढण्यात सुरुवातीची वीसेक मिनिटे जातात; सुरुवातीला तर हवाईसुंदरीलाही पट्टा बांधून बसावे लागते. उतरणे सुरू होते ते गाव सुमारे दोनशे किलोमीटरवर असतानाच. म्हणजे विमान आडवे, स्थिर, माणसात असल्यासारखे उडते ती मधली वीस-बावीस मिनिटे. तेवढ्यात एकशेऐंशी माणसांना चहा-पाणी, सुट्टे पैसे, "शाकाहारी काय आहे?" आणि "हे एवढ्याला?" हे सगळे उरकायचे. संभाजीनगरवर पाणी ओतलेला उपमा लोणारच्या आसपास फुलतो. अकोला-वाशीमच्या मधे विमान खाली वळते आणि तीच मुलगी, जिने आताच पेला दिला, ती कचऱ्याची पिशवी घेऊन परत येते. तिच्या चेहऱ्यावर हसू तेच असते, पण पिशवीचे तोंड उघडे असते. अख्खा बुलढाणा जिल्हा चमचा फुंकण्यात जातो. सराईत प्रवासी म्हणून उपमा मागवत नाही. तो घरून दशम्या आणतो आणि विमान जमिनीवर रांगेत उभे असतानाच, कुर्ल्याला, संपवतो.

परतीच्या प्रवासाला तेवढाच वेळ लागेल, असेही समजू नये. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचा वारा जोरात असतो. तो नागपूरला जाणाऱ्याला पाठीवर हात ठेवून नेतो आणि मुंबईला येणाऱ्याच्या छातीवर हात ठेवतो. फरक पाच-दहा मिनिटांचाच, पण राजधानीकडे जाताना वाराही आडवा येतो यात विदर्भातल्या माणसाला काही नवीन वाटत नाही. पावसाळ्यात वरचा वारा उलटतो आणि ही तक्रार तेवढ्यापुरती मिटते. पण तेव्हा मुंबईवर ढग असतात. मग येणारे विमान उतरायची पाळी येईपर्यंत आकाशात लंबगोल घिरट्या घालत राहते. वैमानिक याला 'होल्ड' म्हणतात. प्रवासी मात्र काहीच म्हणत नाहीत. तिसऱ्यांदा तीच खाडी दिसली की शेजारचा मुंबईकर ओळखीचा माणूस भेटावा तसे म्हणतो, "हे कल्याण." चौथ्यांदाही तो म्हणतो, "हे कल्याण." त्याचे घर सरळ खाली तीन-साडेतीन किलोमीटरवर असते आणि तिथे पोचायला त्याला अजून अडीच तास लागणार असतात.

हे सगळे गृहीत धरूनच विमान कंपन्या दीड तास लिहितात. लबाडी म्हणावी की व्यवहार, ते ज्याने त्याने ठरवावे. वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान आपल्याकडे वेळेवरच धरतात. त्यात वेळापत्रकच जरा सैल शिवले, तर विमान कितीही रेंगाळले तरी वेळेवर आणि चुकून रेंगाळले नाही तर 'वेळेआधी'. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त आणि प्रत्यक्षातली अक्षता यांची ज्यांना सवय आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि तरीही, वेळेचा हा घोळ विमानांनी आणला म्हणून त्यांना बोल लावणे बरोबर नाही. घड्याळाने मुंबईची आणि नागपूरची पहिल्यापासूनच फारकत केलेली आहे. नागपूरला सूर्य मुंबईच्या पंचवीसेक मिनिटे आधी उगवतो. त्यात मुंबई पडली हट्टी. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालायचा. थेट १९५५ पर्यंत हे प्रकरण चालू होते. म्हणजे त्या काळात मुंबईच्या जुन्या घड्याळात बघून निघालेला माणूस नागपूरच्या घड्याळात बघून उतरला, तर त्याचा प्रवास ३९ मिनिटांनी लांबलेला असायचा आणि परतताना तेवढाच आखडलेला. आज उशिराला इतकी सज्जड सबब मिळत नाही.

त्याच काळातली एक गोष्ट नागपुरात नव्या माणसाला सांगितली तर पटत नाही. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार गावांहून रात्री एकेक विमान निघायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर, उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मद्रासची पत्रे दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या. प्रवासीही असेच बदलायचे. मग चारही विमाने आपापल्या गावी परत निघायची आणि उजाडायला घरी. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटायला तयार! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही जत्रा चालली. झिरो माइलच्या दगडाने जे कोरून ठेवले होते, ते टपाल खात्याने रोज रात्री तासा-दोन तासांपुरते खरे करून दाखवले. चार महानगरे नागपूरला यायची, झोपाळू डोळ्यांनी, एकमेकांची टपालपिशवी चुकून उचलू नये म्हणून धडपडत. आणि गाव झोपलेले असायचे. नागपूरच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी थट्टा म्हणायला हरकत नाही.

तेव्हाची विमाने डकोटा. ताशी पावणेतीनशे किलोमीटर धरले, तर मुंबई-नागपूर अडीच तास. आता दीड. पाऊणशे वर्षांच्या विमानविद्येने एक तास वाचवला. तो तास विमानतळाच्या दारातच काढून घेतला जातो, कारण दोन तास आधी या, असे तिकिटावर छापलेले असते.

आता पुन्हा त्या डोंबिवलीच्या जावयाकडे. त्याचे विमान सकाळी साडेनऊचे. साडेसातला विमानतळावर हवे, म्हणून सहाला घर सोडले. टॅक्सीवाल्याने विचारले, "सांताक्रूझ की सहार?" आणि जावयाच्या पोटात गोळा आला, कारण तिकिटावर नुसते टी-१ की टी-२ असे लिहिलेले असते आणि ते वाचायचे काम बायकोचे होते. रस्त्याचा दीड तास, विमानतळाचे दोन तास, विमानाचा दीड तास, सामानाचा पट्टा आणि पुढे सासऱ्यांच्या घरापर्यंत एक तास. बेरीज सहा. ६८५ किलोमीटर, सहा तास. भागाकार केला तर ताशी ११४ येतात. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची परवानगी आहे. म्हणजे पस्तीस हजार फुटांवरून गेलेला जावई सरासरीने खालच्या मोटारवाल्याच्या मागेच राहिला. फक्त त्याला वेगाचा दंड झाला नाही.

अर्थात समृद्धीवाल्यानेही फार मिश्या पिळू नयेत. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा. आठ तासांत मुंबई, असे सांगतात. पण नीट ऐकले तर कळते की महामार्ग मुंबईला पोचत नाही, तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो. पुढचे काम भिवंडी आणि ठाणे बघतात. सातशे किलोमीटर गुळगुळीत आल्यावर माजिवड्याच्या आधी जो माणूस इंजिन बंद करून शांतपणे पायांची बोटे मोजत बसलेला दिसतो, तो हमखास नागपूरचा. त्याला कळत नसते की आपण पोचलो आहोत की नाही.

डिसेंबरात मात्र सगळे अंतर उलटे फिरते. १९५३ च्या नागपूर कराराने ठरवले की वर्षातून काही काळ सरकारने नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तिथे घ्यावे. त्यामुळे हिवाळ्यात मुंबई स्वतःच उठून येते. मंत्री रामगिरी-रविभवनात, आमदार आमदार निवासात आणि फायलींचे गठ्ठे ट्रकमध्ये. याच दिवसांत नागपूरच्या विमानाचे भाडे असे चढते की सामान्य नागपूरकर मुलाच्या साखरपुड्यासाठी मुंबईला जायचे रद्द करतो आणि मुंबईच इथे आली आहे अशी मनाची समजूत घालतो. शुक्रवारी दुपारी कामकाज संपते आणि संध्याकाळच्या विमानात जागा मिळत नाही. परतणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर संत्रा बर्फीची खोकी. सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून एकामागून एक सारख्या आकाराच्या बर्फ्या सरकत जातात आणि पडद्याकडे बघणारा जवान त्या न बघताच पुढे ढकलतो. या दोन आठवड्यांत मुंबईतून आलेला प्रत्येक माणूस एक वाक्य बोलतो: "नागपूर तसं जवळच आहे नाही?" आणि मार्च उजाडला की तोच माणूस फोनवर म्हणतो, "मुंबईला येऊन भेटा ना, तिकडे येणं जमत नाही."

या सगळ्या गोंधळात नागपूरकराकडे एकच गोष्ट अशी आहे, जी पुण्या-मुंबईच्या मराठीत नाही, आणि विमानप्रवासाचे वर्णन तिच्याशिवाय होऊ शकत नाही. ती म्हणजे 'राहिलो'. मुंबईकर 'येतोय' म्हणतो, म्हणजे अजून निघालेला नाही. पुणेकर 'येईन' म्हणतो, म्हणजे बघू. नागपूरकर म्हणतो 'येऊन राहिलो'. यात माणूस निघालेलाही असतो, पोचलेलाही नसतो आणि त्याला त्याची घाईही नसते. क्रिया चालू आहे, कर्ता तिच्या आत बसून आहे आणि कधी संपेल ते व्याकरणाने सांगायचे कारण नाही.

जावयाचे विमान त्या दिवशी नागपूरला अकरा वाजायला दहा मिनिटे असताना टेकले. वेळेच्या दहा मिनिटे आधी. हवाईसुंदरीने ते तीन भाषांत अभिमानाने सांगितले. लगेच एकशेऐंशी माणसे उभी राहिली आणि सामानाच्या कप्प्यांखाली माना वाकड्या करून थांबली. मग वैमानिकाचा आवाज आला, की आपण लवकर आल्यामुळे आपली जागा अजून रिकामी झालेली नाही, तरी कृपया बसून घ्यावे. कुणी बसले नाही. खिडकीतून समोर विमानतळाची इमारत दिसत होती, दोनशे-अडीचशे पावलांवर. काचेमागे नावांच्या पाट्या घेऊन उभी असलेली माणसेही जवळजवळ ओळखू येत होती.

फोन वाजला. सासरे.

"पोचले का जावईबापू?"

जावयाने वाकड्या मानेनेच बाहेर पाहिले. आठ वर्षांच्या संसारात त्याने सासुरवाडीची भाषा कधी तोंडात येऊ दिली नव्हती.

"पोचून राहिलो, बाबा."

"या मंग आरामात," सासरे म्हणाले. "आम्ही पण निघूनच राहिलो."